दर आठवड्याचा वार आणि सेवेचा निधी

एखाद्या मध्यम आकाराच्या गावात आपण मोटारीने प्रवेश करू लागलो, की नगरपालिकेच्या स्वागत-कमानीच्या आसपास दातेरी चाकाचे चित्र असलेला एक फलक पुष्कळदा दृष्टीस पडतो. चाकाला २४ दाते आणि ६ आरे असतात. चाकाखाली गावाचे नाव, आणि त्याखाली एक वार, एक वेळ व एक जागा. ‘दर मंगळवारी, सायंकाळी ७ वाजता, अमुक हॉटेल’ अशा स्वरूपाचा तो मजकूर असतो. फलक रोटरी क्लबाचा आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु एखाद्या संस्थेने वेशीवर आपले ध्येय न लिहिता आपल्या बैठकीचा वार का लिहावा, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. माझ्या मते त्या फलकावरील सर्वात अर्थपूर्ण शब्द तो वारच होय. त्या वाराविषयी, आणि त्या वाराच्या आधाराने उभ्या राहणाऱ्या पैशाविषयी, आज मी आपल्याशी बोलणार आहे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. मी या क्लबाचा सभासद नाही. सरकारी नोकरीच्या निमित्ताने ज्या ज्या गावी राहिलो, तेथे पाहुणा वक्ता म्हणून या बैठकांना जाण्याचा प्रसंग आला, आणि पाहुण्याला जेवढे दिसते तेवढे मी पाहिले. घरातल्या माणसाच्या नजरेतून सुटणारी एखादी गोष्ट पाहुण्याला दिसते, एवढाच माझा अधिकार.

या संस्थेचा जन्म शिकागो शहरात झाला. पॉल हॅरिस नावाचा तरुण वकील १८९६ साली तेथे आला. त्याचे बालपण व्हरमाँट राज्यातल्या एका खेड्यात, आजीआजोबांच्या घरी गेले होते. शिकागोत अशिलांची ओळख होती, शेजाऱ्यांची नव्हती. पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या आणि रविवारची दुपार कशी घालवावी हे न कळलेल्या कोकणातल्या किंवा घाटावरच्या माणसाला हे दुःख वेगळे समजावून सांगावयास नको. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी, गुरुवारी सायंकाळी, हॅरिस आणि त्याचे तीन परिचित एका कचेरीत जमले. गुस्टाव्हस लोअर हा खाणकामाचा अभियंता, सिल्व्हेस्टर शील हा कोळशाचा व्यापारी आणि हायरम शोरी हा शिंपी. जागा लोअरची होती. पुढची बैठक दुसऱ्याच्या कचेरीत, त्यापुढची तिसऱ्याच्या, अशी पाळी फिरू लागली, आणि या फिरत्या पाळीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. मंडळी वाढली, कचेऱ्या अपुऱ्या पडू लागल्या, आणि बैठक हॉटेलात गेली. नाव मात्र राहिले.

एका व्यवसायाचा एकच सभासद, असा त्यांचा नियम होता. गावगाड्यातील बारा बलुतेदारांची आठवण यावी असाच हा प्रकार. एकमेकांशी स्पर्धा नाही, आणि एकमेकांची गरज मात्र आहे. हे साम्य फार ताणू नये, कारण बलुतेदाराला आपला व्यवसाय निवडता येत नसे आणि क्लबात निवडून येण्यासाठी व्यवसायात थोडे स्थिरस्थावर व्हावेच लागते. खरे सांगावयाचे तर आरंभीच्या काळात परस्परांचा धंदा वाढावा हा हेतूही त्या मंडळींनी लपविला नव्हता. सेवेचा विचार मागाहून आला. १९०७ साली त्यांनी शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह बांधून घेण्याच्या कामात पुढाकार घेतला, आणि ते त्यांचे पहिले लोकोपयोगी कार्य मानले जाते. इतक्या साध्या, नाकाला रुमाल लावून बोलण्याच्या विषयापासून आरंभ झाला, ही गोष्ट मला त्यांच्या इतिहासात फार आवडते.

हिंदुस्थानात पहिला क्लब १९१९ साली कलकत्त्यास निघाला. मुंबईचा १९२९ साली. पहिल्या दिवसांत साहेबी व्यापाऱ्यांचा त्यात भरणा होता. परंतु त्याच कलकत्त्याच्या क्लबातील नीतीशचंद्र लाहिरी हे १९६२-६३ साली साऱ्या जगाच्या रोटरीचे अध्यक्ष झाले, आणि तो मान मिळविणारे ते पहिले आशियाई. याच घराण्यातली म्हणावी अशी दुसरी संस्था म्हणजे लायन्स. तीही शिकागोचीच, १९१७ सालची. तिचा आपल्याकडील पहिला क्लब १९५६ साली मुंबईत स्थापन झाला. नेत्रशिबिरांच्या निमित्ताने तिचे नाव खेड्यापाड्यांत पोहोचले आहे.

आता बैठकीत काय घडते ते पाहू. अध्यक्ष लहानशी घंटा वाजवितात. त्यांच्या गळ्यात पूर्वीच्या अध्यक्षांची नावे कोरलेली, थोडीशी जड अशी पट्टी असते. राष्ट्रगीत किंवा प्रार्थना होते. पाहुण्यांची ओळख, ज्यांचे वाढदिवस असतील त्यांना शुभेच्छा, सचिवांच्या सूचना, मग वक्त्याचे वीस-पंचवीस मिनिटांचे भाषण, दोन-चार प्रश्न, आभार, आणि पुन्हा घंटा. सारे तासा-दीड तासात आटोपते. भाषण बेताचे असले तरी चालते. मी स्वतः तेथे केलेली भाषणे बेताचीच होती, आणि त्यामुळे क्लबाचे काही बिघडल्याचे ऐकिवात नाही. बैठकीचे खरे काम भाषणाच्या आधी आणि नंतर, जेवणाच्या मेजावर चालते.

या सर्वांच्या मुळाशी हजेरी आहे. कित्येक दशके नियम असा होता, की लागोपाठ चार बैठका चुकविणाऱ्याचे सभासदत्व जाऊ शके. परगावी गेलेल्या सभासदाने त्या गावच्या क्लबात हजर राहावे, तेथील सचिवाकडून हजेरीची चिठ्ठी घ्यावी, आणि आपली अनुपस्थिती भरून काढावी, अशी सोयही होती. लग्नकार्यासाठी इंदूरला गेलेला नाशिकचा औषधविक्रेता वऱ्हाडातून तासभर सटकून तेथील बैठकीस जाऊन येई, ते या नियमामुळे. कोणाला हा पोरकटपणा वाटेल. पण दर आठवड्याला एकमेकांचे तोंड पाहणाऱ्या माणसांत जो विश्वास निर्माण होतो, तो वर्षातून एकदा भरणाऱ्या सर्वसाधारण सभेत निर्माण होत नाही, हे सहकारी सोसायट्यांच्या सभांना हजर राहिलेल्या कोणत्याही अधिकाऱ्यास मान्य होईल.

वाराचे हे सामर्थ्य एकदा फार विलक्षण रीतीने प्रकट झाले. १९४० साली जपानातील वातावरण असे झाले, की आंतरराष्ट्रीय संस्थेशी संबंध ठेवणे म्हणजे संशयास आमंत्रण. तेथील क्लबांनी रोटरीतून अंग काढून घेतले. चाकाचे चिन्ह गेले, नाव गेले; पण टोकियोची मंडळी ‘बुधवार क्लब’ आणि ओसाकाची मंडळी ‘शुक्रवार मंडळ’ या नावांनी जमत राहिली. युद्ध संपल्यावर, १९४९ साली, त्यांना पुन्हा रीतसर प्रवेश मिळाला. संस्थेचे सर्व काही काढून घेतल्यावर जे शिल्लक उरले, ते म्हणजे वार आणि त्या वारी येणारी माणसे.

पैशाकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नीट चाललेल्या क्लबाच्या दोन थैल्या असतात. एका थैलीत सभासदांची वर्गणी. तिच्यातून जेवण, सभागृहाचे भाडे, टपाल, वरिष्ठ मंडळाचे शुल्क इत्यादी खर्च व्हावयाचे. दुसऱ्या थैलीत लोकांकडून जमविलेला निधी. त्यातील पैही जेवणावर खर्च होता कामा नये. या दुसऱ्या थैलीसाठी अनेक क्लब स्वतंत्र विश्वस्त निधी नोंदवितात. मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा केला आणि धर्मादाय आयुक्ताचे पद निर्माण केले. त्या कचेरीपुढे दरवर्षी हिशेब ठेवणे कंटाळवाणे असते खरे, पण वर्गणी देणाऱ्या परक्या माणसाला तेवढाच आधार. एखाद्या क्लबाची परीक्षा करावयाची असेल, तर त्याच्या कार्याची छायाचित्रे न पाहता या दोन थैल्यांतील भिंत किती जाड आहे, ते पाहावे.

दुसरी थैली भरते कशी? काही पैसे बैठकीतच जमतात. उशिरा आलेल्यास, ज्याचा मोबाइल वाजला त्यास, फार लांबण लावणाऱ्यास, शिस्त राखणारा पदाधिकारी हसत हसत दंड करतो. मुलगी परीक्षेत उत्तीर्ण झाली, नवी मोटार घेतली, नातू झाला, अशा आनंदाप्रीत्यर्थ सभासद आपण होऊन डब्यात नोट टाकतो. ही रक्कम क्षुल्लक असते. परंतु हात खिशाकडे जाण्याची सवय तीतून लागते, आणि ती सवय रकमेपेक्षा मोलाची.

मोठी रक्कम उभी करण्याचा आपल्याकडील रूढ मार्ग म्हणजे नाटकाचा मदत-प्रयोग. याची परंपरा मराठी माणसाला नवी नाही. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी नट ‘मानापमान’च्या संयुक्त प्रयोगात एकत्र उभे राहिले, तो प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठीच होता. आजचे गणित असे असते. समजा, नाट्यसंस्थेने प्रयोगाचे १ लाख रुपये ठरविले, आणि नाट्यगृह, जाहिरात व इतर खर्च ५० हजार झाला. ७०० खुर्च्यांचे तिकीट सरासरी ५०० रुपये ठेवले, तर सारी तिकिटे खपल्यास साडेतीन लाख जमून दोन लाख शिल्लक उरतात. निम्मी खपली, तर शिल्लक फक्त २५ हजार. म्हणजे पहिली ३०० तिकिटे खर्चासाठी विकली जातात, आणि सेवेला आरंभ होतो तो ३०१ व्या तिकिटापासून. म्हणूनच प्रत्येक सभासदाच्या गळ्यात दहा-दहा तिकिटे मारली जातात, आणि पुढचे तीन आठवडे बैठकीत ‘किती गेली?’ हा एकच प्रश्न ऐकू येतो. तो प्रश्न दर आठवड्याला विचारला जातो, म्हणूनच तिकिटे जातात.

पण ती जातात कोणाकडे, हाही प्रश्न विचारला पाहिजे. डॉक्टर औषध-कंपनीच्या प्रतिनिधीस तिकिटे देतो, कंत्राटदार सिमेंटच्या दुकानदारास देतो, आणि पूर्वी साहेबांच्या टेबलावरून तीच पुस्तिका हाताखालच्या कारकुनांत फिरे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून घेतलेली वर्गणी, हे दान नव्हे. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत सरकारी नोकराने पूर्वपरवानगीवाचून वर्गणी गोळा करू नये असे स्पष्ट म्हटले आहे, ते या अनुभवामुळेच असावे. स्मरणिकेच्या जाहिरातींनाही हेच लागू पडते. ‘शुभेच्छुक’ एवढाच मजकूर असलेले पान वाचण्यासाठी कोणी विकत घेत नाही. चांगले क्लब अलीकडे या मार्गापासून दूर सरून सभासदांच्याच खिशाला अधिक हात घालतात. हे मला योग्य वाटते.

याहून वेगळी, आपल्या मातीतली रीतही होती. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेला घरोघरच्या आयाबहिणींनी मूठ-मूठ धान्य दिले. देणारे हजारो, आणि प्रत्येकाचे देणे एवढेसे. क्लबाची पद्धत उलटी. देणारे चाळीस, ओळखीचे, आणि दर आठवड्याला पुन्हा भेटणारे. पहिल्या रीतीने चळवळ उभी राहते. दुसरीने एक काम हाती घेऊन तडीस नेता येते. एकीने दुसरीची जागा घेऊ नये.

लहान रकमेचे पुढे काय होते, याचे रोटरीतील उदाहरण बोलके आहे. १९१७ साली आर्च क्लम्फ या अध्यक्षांनी जगात चांगले काम करण्यासाठी एक कायम निधी असावा अशी कल्पना मांडली. दुसऱ्या वर्षी कॅन्सस सिटीच्या क्लबाने त्यात पहिली भर टाकली, ती साडेसव्वीस डॉलरची. पुढे कित्येक वर्षे तो निधी रांगतच होता. १९४७ साली पॉल हॅरिस वारला, तेव्हा फुले पाठविण्याऐवजी या निधीला पैसे द्या असे सांगण्यात आले, आणि मग ओघ सुरू झाला. १९८५ साली पोलिओच्या निर्मूलनाची मोहीम हाती घेतली गेली. १२ कोटी डॉलर जमवावेत असा संकल्प होता. १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख जमले.

पोलिओच्या या कामात सरकारी माणूस म्हणून जे दिसले, ते येथे थोडे सविस्तर सांगतो, कारण क्लबाच्या पैशाचा खरा उपयोग कशात असतो ते मला तेथे उमगले. आपल्या देशात डिसेंबर १९९५ पासून पल्स पोलिओचे दिवस पाळले जाऊ लागले. लस सरकारची, परिचारिका सरकारच्या, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक सरकारनेच नेमलेले. मग या मंडळींचे काम ते काय? रविवारी सकाळी केंद्रावर गेले म्हणजे ते कळे. बर्फ वितळू लागला आहे, आणि आणखी बर्फ आणावयास कोणत्याही लेखाशीर्षाखाली तरतूद नाही. ध्वनिक्षेपकाच्या रिक्षाचे पेट्रोल संपले आहे. पहाटेपासून बसलेल्या सेविकांनी दुपारी काय खावे, याविषयी परिपत्रक मौन पाळते. अशा वेळी गावातला एखादा कापड-दुकानदार स्कूटरवरून बर्फाची लादी घेऊन येई, आणि त्याच्या मागोमाग पुरीभाजीची पुडकी येत. शंभर-दोनशे रुपयांचा प्रश्न, पण तो दुपारी १२ च्या आत सुटावयास हवा. शासनाची तिजोरी मोठी असते. परंतु तिचे दार उघडण्यास प्रस्ताव, मान्यता आणि आर्थिक वर्ष यांच्या किल्ल्या लागतात. क्लबाची तिजोरी लहान, पण ती दर मंगळवारी उघडते. खर्च आधी करून मंगळवारी मंजुरी घेता येते, कारण मंजुरी देणारे चाळीस जण खर्च करणाऱ्याला गेली दहा वर्षे दर आठवड्याला पाहत आलेले असतात.

२००९ साली आपल्या देशात पोलिओचे ७४१ रुग्ण आढळले होते. त्या वर्षी जगातले सर्वाधिक आपलेच. २०१० साली ४२. आणि १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीस झालेला पोलिओ हा भारतातील नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. याचे श्रेय मुख्यतः शासनयंत्रणेचे आणि घरोघर फिरलेल्या लक्षावधी स्त्रियांचे आहे. मी त्या यंत्रणेतला म्हणून हे म्हणत नाही. पण उत्तर प्रदेशात लसीविषयी वावड्या उठल्या, तेव्हा उलेमांना एकत्र आणून त्यांच्या तोंडून शंकानिरसन करविणे, ही गोष्ट सरकारी आदेशाने झाली नसती. ती रोटरीच्या मंडळींनी केली.

आता दुसरी बाजू. टीकाकार विचारतात, की चाळीस माणसे वर्षातून पन्नास वेळा ३०० रुपयांचे जेवण जेवतात, त्याचे ६ लाख होतात. तेच पैसे गरिबांना का देऊ नयेत? हिशेब बिनचूक आहे. मात्र जेवण बंद केल्यास ते ६ लाख गरिबांकडे जाणार नाहीत, सभासदांच्या घरीच राहतील, आणि बर्फाची लादी आणणारा माणूसही घरीच राहील. तरीदेखील टीकेत तथ्य आहे. मी चहा आणि पोह्यांवर चालणाऱ्या बैठका पाहिल्या आहेत; त्यांची हजेरी पंचतारांकित हॉटेलातील बैठकांहून कमी नव्हती. ताट जितके महाग, तितका सभासद निवडण्याचा परीघ लहान होतो. शाळामास्तर मग त्यात येऊ शकत नाही, आणि गावाची खरी माहिती त्यालाच असते.

याहून मोठा दोष वर्षाच्या मापाचा आहे. क्लबाचा अध्यक्ष १ जुलैला अधिकारावर येतो आणि ३० जूनला उतरतो. प्रत्येकाला आपल्या नावाचे काम हवे असते. मग पाणपोईचे उद्घाटन होते, कोनशिला बसते, छायाचित्र छापून येते. आणि दोन वर्षांनी तोटी कोरडी पडलेली असते, कारण नव्या अध्यक्षाला जुन्याची तोटी दुरुस्त करण्यात रस नसतो. पदग्रहण समारंभावर होणारा खर्च हाही याच रोगाचा भाग. पोलिओचे काम टिकले, त्याचे एक कारण असे की ते कोणा एका अध्यक्षाचे नव्हते; पंचवीस-तीस अध्यक्षांना ते आयते हाती आले आणि तसेच पुढे द्यावे लागले.

काळाबरोबर नियम बदलले आहेत. एका व्यवसायाचा एकच सभासद हा निर्बंध सैल झाला. स्त्रियांना प्रवेश नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली निकाल दिल्यावर १९८९ साली संस्थेने आपल्या घटनेतून ती अट काढली, आणि २०२२ साली जेनिफर जोन्स या पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष झाल्या. २०१६ साली आठवड्याच्या बैठकीचा आग्रहही सोडण्यात आला. महिन्यातून किमान दोन बैठका झाल्या म्हणजे पुरे, असे ठरले. त्यामुळे तरुण सभासदांची सोय झाली, आणि २०२० च्या साथीत तर बैठका संगणकाच्या पडद्यावर भरल्या. काही क्लबांनी पंधरवड्याची बैठक स्वीकारली. काहींनी जुना वार तसाच ठेवला आहे. आणि अशा गावांत, बर्फ लागो, रक्त लागो, की शाळेच्या छपराचे चार पत्रे लागोत, शिक्षकापासून तहसीलदारापर्यंत सर्वांना माहीत असते की मंगळवारी सायंकाळी ७ वाजता कोणत्या दारावर टकटक करावयाची.